बी.एड. कॉलेजची आयसीटी लॅब आणि शाळांशी टाय-अप : दोन वर्षं काढल्यावरचा रिव्ह्यू

बी.एड. संपलं एकदाचं. ॲडमिशनचा सिझन आहे आणि सीईटी दिलेल्या दोन-तीन मुलींचे मेसेज आलेत, ताई तुमचं कॉलेज कसंय, घेऊ का. प्रत्येकीला वेगळं काय सांगत बसू, म्हणून इथेच लिहिते. कॉलेजचं नाव लिहिणार नाही, टीसी अजून तिथेच अडकलीय.

माहितीपत्रकात दोन गोष्टी ठळक अक्षरात होत्या, "अद्ययावत आयसीटी लॅब" (म्हणजे कॉम्प्युटर वगैरे तंत्रज्ञान वापरून शिकवायला शिकायची खोली) आणि "नामांकित शाळांशी सामंजस्य करार". मी या दोन्ही वाचूनच फी भरली होती. नंतर कळलं की लॅबपेक्षा माझा दहा हजारांचा मोबाईल जास्त कामाला आला आणि करारापेक्षा शाळेतले एक सर.

लॅबचं आधी उरकून टाकते. भिंतीवर मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनेल आहे, त्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही आणि किल्ली ऑफिसमधल्या भाऊसाहेबांकडे असते. दोन वर्षांत मी तो तीनदा चालू झालेला पाहिला, त्यातही एकदा तपासणीची कमिटी आली होती म्हणून. तंत्रज्ञानाचा पेपर आम्ही पीपीटी वाचून पास झालो, पॅनेलला बोट लावायची वेळ आलीच नाही. लॅबला ५ पैकी १, तोही एसीसाठी.

आता चांगलं. सूक्ष्म अध्यापन! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याच वर्गातल्या आठ-दहा जणांना विद्यार्थी करून बसवायचं, एकच कौशल्य धरायचं, सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे फीडबॅक), बारा मिनिटांत पाठ परत लिहायचा, परत सहा मिनिटं शिकवायचं, परत सहा मिनिटं प्रत्याभरण, असा छत्तीस मिनिटांचा फेरा. ही कल्पना १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डला निघाली आणि तिथे व्हिडिओ टेप वापरायचे, आपल्याकडे मात्र बऱ्याच ठिकाणी टेप गळून पडली आणि फक्त निरीक्षण तक्ता राहिला. तक्त्यात मैत्रिणी काय लिहिणार, "आवाज छान, आत्मविश्वास चांगला". आमच्या गणित मेथडच्या (म्हणजे गणित कसं शिकवायचं ते शिकवणाऱ्या) मॅडमनी सांगितलं, खडूच्या डब्याला फोन टेकवा आणि रेकॉर्ड करा. पहिला व्हिडिओ मी घरी जाऊन पाहिला आणि जेवण गेलं नाही. सहा मिनिटांत चौदा वेळा "समजलं का?" आणि एकदाही उत्तरासाठी थांबले नव्हते! वर फलक लेखन करताना त्रिकोणासमोर मीच उभी, म्हणजे वर्गाला त्रिकोणाच्या जागी माझी ओढणी दिसली. आधी पाच वर्षं क्लासेसमध्ये शिकवलेलं होतं, मला वाटायचं मला येतं.

ह्याला ५ पैकी ५. खर्च शून्य.

आता टाय-अप. नियमाप्रमाणे आंतरवासिता, म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन शिकवायची इंटर्नशिप, एकूण वीस आठवड्यांची, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सलग सोळा. आम्हा सहा जणींना एक अनुदानित शाळा मिळाली, वर्गात साठ-साठ पोरं. पहिले तीन आठवडे आम्ही ऑफ तास घेतले, चाचणीला सुपरव्हिजन केलं आणि शाळेची ऑनलाईन माहिती भरली, कारण "तुम्हाला कॉम्प्युटर येतं ना". शाळेला दोष देत नाही, दोन जागा रिकाम्या होत्या, सहा आयत्या बाया मिळाल्या तर कोण सोडेल. पण करारात पाठ किती, मार्गदर्शन कोण करणार, हे कुठे होतं? माझ्या मार्गदर्शक सरांना विचारलं तर म्हणाले, करार मी बघितला नाही, मला फक्त नावांची यादी आली.

आणि हजेरीचं ॲप! कॉलेजने घेतलं होतं, लोकेशनसकट सेल्फी टाकायचा. पत्र्याच्या वर्गात नेटवर्क नाही म्हणून आम्ही सहाही जणी रोज दहा पंचवीसला गेटजवळच्या चिंचेखाली फोन वर धरून उभ्या, पोरांनी त्याला सेल्फीचं झाड नाव ठेवलं. त्याच ॲपवर पाठाचे व्हिडिओ अपलोड करायची सोय होती. मी तीन टाकले, तिन्हीला व्ह्यू एक एक, ते मीच बघितलेले. मी शाळेत पोचले की नाही हे कॉलेजला रोज कळायचं, काय शिकवलं ते कोणीच बघितलं नाही. प्राध्यापक निरीक्षणाला दोनदा आले, दुसऱ्या वेळी चहा घेता घेता पाच पाठांच्या सह्या एकदम.

ह्या सगळ्यात वाचवलं ते सरांनी. सत्तावीस वर्षं सर्व्हिस, सुरुवातीला "पाठ टाचण (पाठाचा लिहिलेला आराखडा) ठेवून जा, सही करतो" असंच चाललेलं. एकदा मी वर्गात फोन लावताना त्यांनी बघितलं आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही कशा दिसता ते बघून काय करायचंय, पोरं काय करतात ते बघा की. फोन उलटा फिरवला, फळ्याच्या बाजूने वर्गाकडे. मुख्याध्यापकांना विचारून केलं, व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाही आणि बघून झाला की डिलीट, हे सरांनीच बजावलं (कॉलेजने हे एकदाही सांगितलं नव्हतं, लहान मुलांचे व्हिडिओ आहेत, जरा तरी). मधल्या सुट्टीत डबा खात आम्ही दोघं ते बघायचो. खिडकीकडची तिसऱ्या बाकावरची मुलगी अख्खा तास पुढचीच्या वहीत बघून लिहीत होती, तिला फळा दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी जागा बदलली.

आठवीला "धाराविद्युत आणि चुंबकत्व" होतं. पुस्तकातला क्यूआर स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर पाठाचं साहित्य उघडतं, डाऊनलोड करून ठेवता येतं, ते मी घरून करून न्यायचे. पण खरी मजा फेटची. कोलोरॅडो विद्यापीठाची सिम्युलेशन्स, नोबेलवाले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला प्रकल्प, फुकट, बरीचशी मराठीतही आहेत आणि एकदा फाईल उतरवली की नेट लागत नाही. सर्किट जोडायचं घेतलं, शाळेचा जुना प्रोजेक्टर, पडदा म्हणून चादर. बल्ब न लावता नुसती तार बॅटरीच्या दोन टोकांना जोडली की स्क्रीनवर ज्वाळा येतात. झालं! साठ पोरांना फक्त आग लावायची होती. मग खरा सेल आणि तार दिली तर एक जण म्हणाला, मॅडम, ह्याला आग का नाही लागत?

मला उत्तर आलं नाही. "उद्या सांगते" म्हटलं आणि मागे वळले तर सर दारात. वाटलं आता शेरा येणार. ते म्हणाले, नाही येत म्हणालात ते बरं केलंत, आता कॉम्प्युटरमधल्या बॅटरीत आणि ह्यात फरक काय ते पोरांनाच शोधायला लावा. दोन दिवस लागले, सेलचा अंतर्गत रोध (सेल आतूनच करंटला जो अडथळा करतो तो) कुठल्याही लेक्चरपेक्षा पक्का झाला, पोरांचा आणि माझाही.

टाय-अपला म्हणून ५ पैकी अडीच, त्यातले दोन सरांचे. कॉलेज बघायला जाल तेव्हा लॅब दाखवतील, बघून घ्या, पण मग विचारा की एका शाळेत किती जणी टाकता, मार्गदर्शक शिक्षकांना कधी कॉलेजला बोलावता का, अपलोड केलेला व्हिडिओ नक्की कोण बघतं. क्लार्कला नको, मेथडच्या मॅडमना विचारा. आणि "आता चार वर्षांचा बी.एड. येतोय मग हा दोन वर्षांचा वाया जाणार का" हे पण दोघींनी विचारलंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. किमान पात्रता करायचं म्हटलंय, तुमचं ग्रॅज्युएशन झालंय तर त्यावर रात्र जागवू नका, हेच प्रश्न तिथेही विचारावे लागतील.

परवा सरांचा फोन आला होता, ती आगीची फाईल कुठे ठेवलीय म्हणून. म्हटलं डेस्कटॉपवरच आहे सर, "बॅटरी" नावाने.