चौदावा लुई समजून घ्यायला व्हर्साय की वो-ल-व्हिकोंत?

पॅरिसमध्ये एकच मोकळा दिवस आहे, फ्रान्सचा राजा चौदावा लुई समजून घ्यायला व्हर्सायच्या राजवाड्यात जाऊ की वो-ल-व्हिकोंतच्या (थोडक्यात ‘वो’च्या) वाड्यात, असं भाचीने विचारलं.

प्रवास व्हर्सायचा सोपा, थेट लोकल आहे. फक्त सोमवारी राजवाडा बंद. वो पॅरिसपासून पन्नासेक किलोमीटर, रेल्वेतून उतरल्यावर पुढे वाहन बघावं लागतं. गर्दी मात्र तिथे कितीतरी कमी.

भव्यतेत व्हर्सायला तोड नाही. ७३ मीटर लांब दालन, ३५७ आरसे. १६८२ मध्ये लुईने दरबारच इथे हलवला. राजाच्या उठण्या-झोपण्याचेही सोहळे होत आणि तिथे हजर राहण्यासाठी सरदार झटत. एकहाती सत्ता रोज कशी चालायची, ते इथेच कळतं.

पण व्हर्सायच्या कलेचं मूळ वोमध्ये आहे. अर्थमंत्री फुकेने ल व्हो, ल ब्रँ आणि ल नोत्र यांच्याकडून वाडा, चित्रं, बाग घडवून घेतली. १७ ऑगस्ट १६६१ रोजी राजाला मेजवानी दिली, मोलिएरचं नवं नाटकही झालं. तीन आठवड्यांच्या आत राजाने फुकेलाच कैदेत टाकलं! तो कैदेतच वारला आणि ते तिघे कलावंत व्हर्साय घडवायला लागले. हा अन्याय मला आजही सलतो.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने व्हर्साय बघावं. बागा आणि वास्तुकला निवांत बघायची असेल, किंवा व्हर्साय आधी झालं असेल, तर वो.