फोटोवर जलरंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर, पावसाळा धरून

स्वतःचा फोटो जलरंगाच्या कागदावर छापायचा आणि त्यावरच रंगवायचं. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या घरात, साध्या इंक टँक प्रिंटरवर आठ महिने वापरल्यावर मत एकच: फोटो फिका छापला तरच हे जमतं.

कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), पूर्ण कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत). २२ बाय ३० इंचाच्या शीटमधून ए-फोरचे पाच तुकडे निघतात, तीन उभे आणि खाली दोन आडवे. मागच्या फीडमधून एकेकच द्यायचा. पुढच्या ट्रेमधून जाताना जाड कागद वळणावर अडकतो.

खरी गोम शाईत आहे. बऱ्याच घरगुती टँक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची (वाळल्यावर पाण्याला टिकणारी), बाकीच्या तिन्ही डायच्या (पाण्यात विरघळणाऱ्या). रंगीत प्रिंट काढली की पहिल्याच वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या थराला, गाल ओघळतो. म्हणून ग्रेस्केल (कृष्णधवल) प्रिंट, आणि कागदाचा प्रकार 'प्लेन पेपर'. 'फोटो पेपर' निवडलात तर काही मॉडेलं काळ्यासाठीही रंगीत शाया मिसळतात. चाचणी सोपी: तुकड्यावर गडद चौकोन छापा, २४ तास वाळू द्या, ओला ब्रश टेकवून टिश्यूने टिपा. टिश्यूवर निळी-गुलाबी कड दिसली तर डाय आलीच समजा.

छापण्याआधी फोटो एडिटरच्या 'लेव्हल्स'मध्ये (उजेड-अंधार बदलायची सोय) आउटपुटचा काळा ० वरून ९० वर आणायचा. स्क्रीनवर चेहरा पावसातल्या येऊरच्या डोंगरासारखा धूसर दिसेल, दिसू दे. जलरंग पारदर्शक, खाली काळी शाई असेल तर वर काहीही चढवा, राखाडीच राहतं. नाकाच्या कडेची, डोळ्यांखालची सावली रंगानेच आणायची: बर्न्ट सिएनात किंचित अल्ट्रामरीन. त्वचेला यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाचे दोन-तीन पातळ थर, आधीचा पूर्ण वाळल्यावरच पुढचा. ब्रश मऊ हवा, ८ नंबरचा. घासलं की शाई सुटून रंग मळतो. इंकजेटच्या कोटेड मॅट कागदावर प्रिंट देखणी येते, पण रंग जिथे पडेल तिथेच रुततो, नंतर उचलता येत नाही. स्टेशनजवळच्या दुकानातली लेझर प्रिंट पाण्याला दाद देत नाही, मात्र टोनर प्लास्टिकचा, गडद भागावर रंगाचे थेंब नुसते गोळा होतात.

फोटो हातभर अंतरावरून नको, नाक फुगतं. फोन दीड-दोन मीटरवर, मागचा कॅमेरा, १० सेकंदांचा टायमर, उजेड एकाच खिडकीचा. (आरशातल्या चेहऱ्याची सवय असल्याने प्रिंट परकी वाटते. उलटवायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.)

जून ते सप्टेंबर मात्र वैताग. दमट कागदाचे कोपरे उचलतात, प्रिंटहेड घासतं आणि कडेला काळे फराटे उमटतात. झिपच्या पिशवीत सिलिका जेल टाकून कागद सपाट ठेवा, छापायच्या वेळीच बाहेर काढा. फार दिवस ओल खाल्लेल्या कागदाचं साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, जातं. मग तो टीपकागदासारखा रंग पितो आणि गालावर डाग पडतात. असे तुकडे चाचणीलाच वापरायचे. फ्रेम करताना काच चित्राला टेकवू नका, मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घाला, नाहीतर ओल आत अडकून बुरशी धरते.