एसएमपीएसच्या पंख्याचा वेग बाहेरून मोजताना: दहा महिन्यांचा अनुभव

अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी माझ्या खोलीतला पारा ४२च्या खाली उतरत नाही, आणि लग्नाच्या अल्बमांचं काम नेमकं तेव्हाच अंगावर येतं. गेल्या वर्षी ऐन सीझनमध्ये एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा अडकला. कॉम्प्युटर तासाभरात आपोआप बंद व्हायचा. मी चार दिवस रॅम, विंडोज, ग्राफिक्स कार्ड असं सगळं तपासत बसले. प्रोसेसरच्या आणि कॅबिनेटच्या पंख्यांचा वेग स्क्रीनवर दिसतो, एसएमपीएसचा सहसा दिसत नाही. त्यात बहुधा दोन तारांचाच पंखा असतो, वेग सांगणारी तिसरी तार नसतेच.

नवा एसएमपीएस आणला तेव्हाच ठरवलं की याचा वेग मला दिसलाच पाहिजे.

काही जण एसएमपीएस उघडून तीन तारांचा पंखा बसवतात. मी ते केलं नाही, आणि तुम्हीही करू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढला तरी तो लगेच जात नाही. शिवाय सील तुटलं की वॉरंटी गेली.

मी वापरलं टीसीआरटी५००० हे इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा प्रकाश) सोडून परत आलेला ओळखणाऱ्या सेन्सरचं छोटं मॉड्यूल आणि एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. पंख्याच्या मधल्या काळ्या चकतीवर पांढरं टिंब लावायचं आणि जाळीच्या बाहेरून सेन्सरने ते मोजायचं. मॉड्यूलला एसएमपीएसच्या मोलेक्स प्लगच्या (चार तारांचा जुना प्लग) लाल तारेतून ५ व्होल्ट दिले. मदरबोर्डच्या रिकाम्या फॅन हेडरची (पंखा जोडायच्या पिनांची) पहिली पिन ग्राउंडला आणि वेग मोजणारी तिसरी पिन ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायाला जोडली. मधल्या पिनवर १२ व्होल्ट असतात, तिला हात लावला नाही. मॉड्यूलची आउटपुट थेट हेडरला जोडायचा मोह होतो, पण काही बोर्डांवर तिसरी पिन आतून १२ व्होल्टला जोडलेली असते आणि मॉड्यूल ५ व्होल्टचं. ट्रान्झिस्टर मध्ये असला की ही काळजी उरत नाही.

टिंब लावताना कॉम्प्युटर बंद, प्लग काढलेला. जाळीतून काडीने पंखा फिरवत बारीक ब्रशने व्हाइटनर लावलं. पहिल्यांदा वेग निम्माच दिसला, कारण मदरबोर्ड एका फेऱ्यात दोन पल्स (विजेचे ठोके) धरून चालतो आणि माझं टिंब एकच होतं. बरोबर समोरच्या बाजूला दुसरं टिंब लावलं आणि आकडा जुळला. टिंबं तिळाएवढी ठेवली तेव्हा आकडा उड्या मारत होता, वाटाण्याएवढी केल्यावर स्थिर झाला. डोळ्याला काळं दिसणारं प्लास्टिक इन्फ्रारेडला तेवढं काळं नसतं, त्यामुळे मॉड्यूलचा दिवा सतत पेटलेला राहायचा. सेन्सर किती संवेदनशील ते ठरवणारा मॉड्यूलवरचा निळा प्रीसेट स्क्रूड्रायव्हरने केसभर केसभर फिरवत दिवा फक्त टिंबावर लागेल अशी जागा शोधावी लागली. त्यात माझा अर्धा तास गेला.

त्याच संध्याकाळी आकडा एकदम ३००० वर जाऊन थांबला. पंखा तर संथ फिरत होता. बराच वेळ कळेना. मग लक्षात आलं की नीट दिसावं म्हणून मी पिवळा ६० वॅटचा बल्ब कॅबिनेटजवळ धरला होता. आपली वीज ५० हर्ट्झची, बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि त्याच्या उजेडात इन्फ्रारेड भरपूर. सेकंदाला १०० पल्स म्हणजे दोनाच्या हिशेबाने मिनिटाला बरोबर ३००० फेरे. बल्ब बंद केला, आकडा ६५० वर आला. कॅबिनेट उभं केल्यावर सेन्सर खालच्या अंगाला, सावलीत गेला आणि हा त्रास परत झाला नाही.

एचडब्ल्यूइन्फो या पंख्यांचे वेग दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये नोंद ठेवायची सोय आहे, ती सुरू करून ठेवली. जानेवारीच्या सकाळी ६४० च्या आसपास असणारा वेग मेमध्ये दुपारी अल्बम एक्स्पोर्ट करताना ११८० पर्यंत गेला. खालची धूळजाळी धुतली की त्याच कामाला नव्वद-शंभर फेरे कमी लागतात.

मेमध्येच फोम टेप सुटली, सेन्सर लोंबला आणि वेग शून्य दिसला. मी घाबरून चालू काम बंद केलं. तेव्हापासून केबल टाय वापरते, टेप नकोच. जूनमध्ये ८६० चा आकडा एका क्षणात ४३० झाला. बरोबर निम्मा, म्हणजे एक टिंब गळालं हे बघताक्षणी कळलं. उन्हाळ्यात व्हाइटनर तडकतं. त्या जागी पांढरं नेलपॉलिश लावलं, ते शेवटपर्यंत टिकलं.

ऑगस्टच्या शेवटी मात्र घाबरायला खरं कारण मिळालं. सकाळी कॉम्प्युटर चालू केल्यावर दहा-बारा सेकंद शून्य, मग ३८०, आणि पाच मिनिटांनी कुठे ६००. दुपारी गरम झाल्यावर सगळं ठीक. दुपारचाच आकडा बघत राहिले असते तर मला काहीच कळलं नसतं. धूळ काढून फरक पडला नाही, म्हणजे बेअरिंगचं वंगण सुकत होतं असा माझा अंदाज. तीन आठवड्यांच्या सकाळच्या नोंदी छापून दुकानात नेल्या आणि टिंबांबद्दलही सांगून टाकलं. सील अख्खं होतं, त्यामुळे एसएमपीएस वॉरंटीत गेला आणि १८ दिवसांनी नवा आला. ते १८ दिवस भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर काम रेटलं.

तुमच्या एसएमपीएसचा पंखा कमी कामात मुद्दाम थांबणारा असेल, तर शून्य दिसलं म्हणून घाबरू नका आणि अलार्मही लावू नका. माझा सतत फिरणारा आहे, म्हणून ३०० च्या खाली अलार्म ठेवलाय.

नव्या एसएमपीएसचा पंखा सकाळी ७२० वर फिरतो. जुने आकडे आता याला लागू नाहीत, म्हणून नोंदींची नवी फाइल काढली आहे. तिच्यात सध्या ४१ सकाळींच्या नोंदी आहेत.