केमो की गोळी?

शेजारच्या काकूंना पडलेला पेच: काकांचा फुप्फुसाचा कॅन्सर (अ‍ॅडिनोकार्सिनोमा) पसरलाय, केमो घ्यावी की 'टार्गेटेड' (कॅन्सरच्या जनुकातल्या ठरावीक बदलावर नेमका नेम धरणारी) गोळी?

आधी ईजीएफआर तपासणी, म्हणजे कॅन्सरच्या पेशींत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल आहे का ते पाहणं. बायोप्सीचा मेणातला ब्लॉक (काढलेला गाठीचा तुकडा मेणात जपलेला असतो) लॅबकडून मागून घ्या, बहुधा त्यावरच होते.

केमो साधारण दर 21 दिवसांनी. सोलापुरातच किंवा बार्शीला, सलाईन लावून. पांढऱ्या पेशी उतरतात, काही औषधांनी केसही जातात. टार्गेटेड गोळी जेफिटिनिब मात्र रोज एक, 250 मिलिग्रॅम, घरीच. पुरळ, जुलाब होतात. जेनेरिक स्वस्त, पण महिनोन्महिने घ्यायची. पुढे बहुतेकांत कॅन्सर तिला दाद देईनासा होतो. ओसिमर्टिनिब ही नंतरची गोळी सरस, खर्च मात्र मोठा.

जनुकात बदल नसेल तर गोळीपेक्षा केमोच भारी, 2009च्या आयपास चाचणीत (रुग्णांवर जेफिटिनिब आणि केमोची तुलना) हेच दिसलं. बदल सापडला तर गोळी, प्रवास न झेपणाऱ्यांना तर नक्कीच. बाकीच्यांनी केमो, इम्युनोथेरपीचंही (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढवणारे उपचार) डॉक्टरांना विचारावं.