पीसीएनएलमध्ये कलर डॉपलर: काही महिने वापरल्यावर

नाशिकला ऊन तापलं की मुतखड्याचे पेशंट वाढतात. सिन्नर, येवल्याकडून येणाऱ्या काहींच्या किडनीत फांद्या फुटलेला मोठा खडा असतो. तो पाठीतून छिद्र पाडून, पीसीएनएलनेच काढावा लागतो. गेले काही महिने पंक्चरच्या, म्हणजे पाठीतून किडनीत सुई घालण्याच्या वेळी मी सी-आर्मच्या (ऑपरेशनवेळच्या फिरत्या एक्स-रे मशीनच्या) जोडीला कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफी, वापरतोय. आता त्याशिवाय सुई हातात घ्यावीशी वाटत नाही.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा किडन्यांत जातो, मिनिटाला लिटरभर. सी-आर्मवर खडा दिसतो, डाय भरला की कॅलिक्स (किडनीतल्या लघवी गोळा करणाऱ्या पेल्यांसारख्या पोकळ्या) दिसतात, रक्तवाहिन्या मात्र दिसत नाहीत. सुई कॅलिक्सच्या टोकातून, पॅपिलातून (जिथून लघवी कॅलिक्समध्ये उतरते त्या टोकातून) आत गेली तर रक्तस्रावाची भीती कमी. तीच इन्फंडिब्युलममध्ये, म्हणजे कॅलिक्सच्या अरुंद मानेत शिरली, तर लगतची इंटरलोबार धमनी फाटू शकते. मग रक्त चढवा, आणि कधी घरी गेलेला पेशंट पुन्हा लाल लघवी घेऊन येतो, एम्बोलायझेशनसाठी (फाटलेली धमनी आतून बंद करण्यासाठी) धावपळ होते.

पेशंट पालथा, सोनोग्राफीचा साडेतीन मेगाहर्ट्झचा कर्व्ह्ड प्रोब, पडद्यावर रक्तप्रवाह रंगात दाखवणारी चौकट शक्य तितकी लहान. भूलतज्ज्ञ मॅडमना म्हणायचं, "जरा व्हेंटिलेशन थांबवा." काही सेकंद छाती हलत नाही, पडद्यावरची रंगांची चमचम निवते, आणि कॅलिक्सच्या दोन्ही अंगांनी वर चढणाऱ्या वाहिन्या स्वच्छ दिसतात. सुईच्या वाटेवर रंग आला की प्रोब किंचित तिरका करून दुसरी वाट धरायची. माझ्या लेखी या तंत्राचं खरं काम हेच: कुठून जायचं नाही ते कळतं.

त्याच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. लाल म्हणजे धमनी नव्हे. एरवीच्या सेटिंगला लाल म्हणजे प्रोबकडे येणारं रक्त, निळं म्हणजे दूर जाणारं. प्रोबमधून निघणाऱ्या ध्वनिलहरींच्या बीमला काटकोनात धावणारी वाहिनी काळीच राहू शकते, म्हणून काळ्या जागेवर लगेच भरवसा ठेवू नये, कोन बदलून पुन्हा बघावं. खड्यामागे रंगीबेरंगी ट्विंकलिंग (खोटी चमचम) उठतं, त्याला रक्तप्रवाह समजू नये. जाड पेशंटमध्ये खोलवरचा सिग्नल फार क्षीण येतो. तिथे मी अजूनही सी-आर्मवरच जास्त विसंबतो.

नव्याने शिकणाऱ्यांनी प्रोब स्वतःच्या हातात घ्यावा. रेडिओलॉजिस्टने दाखवलेलं चित्र आणि आपली सुई यांचा मेळ बसायला वेळ जातो. मशीन घेताना डेमो ओटीत, पालथ्या पेशंटवरच मागा. आणि सोनोग्राफी मशीन असल्याने १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखालची नोंदणी आधी पूर्ण करा. तिच्याशिवाय विक्रेत्याला मशीन विकताच येत नाही.