नाण्याचं भोक गोल, म्हणून किंमत निम्मी: एका चिनी अकीक कुपीची पारख

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, जुन्या भांड्यांच्या दुकानात, अडकित्ते आणि चुन्याच्या डब्यांच्या रांगेत ही कुपी ठेवली आहे. चिठ्ठीवर लिहिलंय: 'चिनी, अकीक, २०० वर्षं जुनी, ९,५०० रुपये.' उंची ६ सेंटिमीटर, राखाडी दगडावर तपकिरी थर, लाल बूच.

ही तपकिरीची, म्हणजे नाकात ओढायच्या तंबाखूच्या पुडीची कुपी. आपल्याकडे तपकिरीला डबी चालते. चीनमध्ये छिंग राजवटीत (१६४४–१९१२) औषधाच्या कुपीसारखी अरुंद तोंडाची कुपी रूढ झाली, कारण दमट हवेत उघड्या डबीतली पूड गठ्ठा होते. बुचाला आतून बारीक चमचा जोडलेला असतो.

दुकानदार कोरीव कामातल्या प्राण्यांना 'घुबडं, लक्ष्मीचं वाहन' म्हणतो. ती वटवाघळं आहेत. आपल्या गावात वटवाघूळ घरात शिरलं की म्हातारी माणसं अपशकुन मानतात; चिनी भाषेत मात्र वटवाघूळ 'फू' आणि सुखसौभाग्यही 'फू'. मराठीत मान म्हणजे गळा आणि मान म्हणजे सन्मान. कुणी हंसाची लांब मान कोरून 'मान मिळो' म्हणावं, तसा हा खेळ. उलटं टांगलेलं वटवाघूळ कोरलं तर अर्थ आणखी गोड होतो, कारण 'उलटं' आणि 'येऊन पोचलं' हे शब्द सारखेच ऐकू येतात: सौभाग्य दारात आलं. इथलं एक वटवाघूळ खरोखर उलटं आहे. खाली पीचचं फळ, म्हणजे दीर्घायुष्य. शेजारी दोन नाणी. नाण्याचा जुना शब्द आणि 'पूर्ण' हा शब्द एकाच उच्चाराचे, म्हणून सगळं मिळून वाचायचं: सौभाग्य आणि आयुष्य, दोन्ही भरभरून.

चित्रवाचन चोख जमतं, पण नाण्यांची भोकं गोल कोरली आहेत. छिंग काळातल्या नाण्याचं भोक चौकोनी. रोज ती नाणी हाताळणारा कारागीर अशी चूक करणार नाही. चित्राची नक्कल करणारा करेल.

दुसऱ्या बाजूला मांजर आणि फुलपाखरू आहे. चिनीत मांजर 'माओ' आणि फुलपाखरू 'दिए'; हे दोन शब्द जोडले की ऐंशी-नव्वदीच्या वयाचा शब्द ऐकू येतो. चांगल्या कामात गडद थर फक्त आकृतीपुरता ठेवून बाकीची जमीन, म्हणजे आकृतीमागचा दगड, साफ करतात. इथे तपकिरी डाग जमिनीवरही राहिलेत आणि फुलपाखराचा एक पंख फिक्या दगडात हरवलाय.

खरी परीक्षा पोटात होते. बूच काढून वजन ८८ ग्रॅम. १० मिलीच्या सिरिंजनं पाणी भरलं तर जेमतेम ६ मिली मावतं. अकीक पाण्याच्या २.६ पट जड. दगडाचे सुमारे ३४ मिली आणि पोकळीचे ६ धरून ही कुपी बाहेरून ४० मिली पाणी सारते, म्हणजे तरंगायला वजन ४० ग्रॅमच्या आत हवं. जुन्या उत्तम अकीक कुप्या वाकड्या हत्यारांनी, वाळूसारखी घासणारी पूड वापरून खांद्याखालपर्यंत इतक्या पोखरलेल्या असतात की बूच लावून पाण्यात सोडल्यावर तरंगतात. इथे ड्रिलनं सरळ नळी पाडून काम थांबवलंय. तांब्याच्या तारेचा आकडा आत फिरवला तर तो खांद्याखाली वळतच नाही. मोबाइलचा टॉर्च मागे धरा, मधली नळी उजळ आणि बाजू अंधाऱ्या दिसतात. जुन्यातही जाड भिंतीच्या कुप्या असतात, म्हणून एकट्या या खुणेवर निकाल देऊ नये. गोल भोकाबरोबर ती आली की शंका उरत नाही.

चमचा तळाच्या दीड सेंटिमीटर वरच थांबतो. बुचं हरवतात, बदलली जातात, त्यामुळे हा मोठा दोष धरलेला नाही. चमचा हाडाचा आहे. कुणी हस्तिदंताचा म्हणून विकायला आलं तर हात लावू नका. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ आडवा येतो.

दगड मात्र खरा. सुरीच्या टोकानं ओरखडा उठत नाही, उलट सुरीचंच पोलाद दगडावर रेघ ठेवतं (तळाशी करून पाहा, कोरीव भागावर नको). वावरात नांगरताना निघणारी गारगोटी ज्यानं फोडली असेल, त्याला ही कठीण जात हातानंच ओळखू येईल.

दुकानदारानं पाण्यात बुडवून तपासू दिलं, याचं कौतुक. अलीकडची, अर्थ नीट सांगणारी वस्तू म्हणून ४,००० पर्यंत ठीक. '२०० वर्षं' या शब्दांचे पैसे देऊ नका. घेतलीच तर गरम पाण्यानं धुऊ नका, दगड तडकतो. आपल्या उन्हाळ्यात बुचाचं कॉर्क आटून सैल होतं. मेण लावू नका, पातळ सुती दोऱ्याचे दोन वेढे द्या.