ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी : ‘जिन’ या शब्दाच्या निमित्ताने एक परीक्षण

इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणारा ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हा कोश इंटरनेटवर गेली दोन दशके मोफत वाचायला मिळतो. डग्लस हार्पर या अमेरिकी लेखकाने तो एकट्याने उभा केला. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश आणि बार्नहार्ट, वीकली, क्लाइन यांसारख्या अभ्यासकांचे व्युत्पत्तिकोश यांतील माहिती सामान्य वाचकाला पचेल अशा स्वरूपात तो देतो. अशा कोशाची पारख पंडिती शब्दांवर करू नये, असे माझे मत आहे. ते शब्द बहुधा लॅटिन किंवा ग्रीकमधून जसेच्या तसे उचललेले असतात आणि त्यांची कुळकथा कोणताही बरा कोश सांगतो. कस लागतो तो रोजच्या वापरात झिजून आखूड झालेल्या शब्दांवर. म्हणून या परीक्षणासाठी मी ‘जिन’ हा शब्द घेतला आहे. इंग्रजीत तो तीन अक्षरांत लिहिला जातो, आणि जळगाव, धरणगाव, चोपडा, शिरपूर या कापसाच्या पट्ट्यात तो इंग्रजी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. वेचलेला कापूस जिनवर जातो, तेथे रुई आणि सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. आणि ‘बाप जिनमा कामले जास’ असे सांगणाऱ्या अहिराणी मुलाला हा शब्द ‘शेत’ किंवा ‘बाजार’ या शब्दांइतकाच घरचा वाटतो.

कोशात ही तीन अक्षरे टाकली की एकाऐवजी अनेक नोंदी समोर येतात, आणि या कोशाचा पहिला मोठा गुण तेथेच दिसतो. दिसायला सारखे पण कुळाने वेगळे असलेले शब्द तो एकत्र कोंबत नाही. मद्याच्या अर्थाचा ‘जिन’ हा ‘जिनिव्हा’ या जुन्या इंग्रजी रूपाचा तुकडा आहे. मुळात हा डच भाषेतला ‘येनेव्हर’ म्हणजे जुनिपर या झुडपाचे नाव, कारण त्या दारूला जुनिपरच्या फळांचा स्वाद दिला जात असे. त्याच्या मागे फ्रेंच आणि लॅटिन रूपे आहेत. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहराशी तिचा काहीही संबंध नाही. उच्चार जवळचा म्हणून इंग्रजांनी शब्दाला त्या शहराच्या नावाचे वळण दिले. आखूड रूप १७१४ साली लेखनात सापडते. प्रारंभ करणे या अर्थाचे एक जुने क्रियापदही याच अक्षरांनी लिहिले जाई आणि ते ‘बिगिन’चे उत्तरांग होते. या दोन्ही शब्दांचा आपल्या कापसाशी सुतराम संबंध नाही, आणि कोश हे वाचकाला गोंधळात न टाकता सांगतो.

आपला ‘जिन’ मात्र ‘एंजिन’ या शब्दाचा शिरच्छेद होऊन उरलेला भाग आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एंजिन’ म्हणजे चातुर्य, युक्ती, आणि पुढे युक्तीने बनवलेले यंत्र, विशेषतः युद्धातले. मध्ययुगीन इंग्रजीत, साधारण १२०० च्या सुमारास, त्याचे ‘जिन’ हे रूप दिसू लागते. तेव्हा त्याचा अर्थ युक्ती, करामतीचे साधन, सापळा, फासा असा होता. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये दुष्टांनी लावलेल्या फाशांसाठी हाच शब्द योजलेला आहे. कापसाचा अर्थ त्याला अमेरिकेत अठराव्या शतकाच्या अखेरीस चिकटला, आणि एलाय व्हिटनी याला त्याच्या यंत्राचे पेटंट १७९४ साली मिळाले. ‘एंजिन’च्या मागे लॅटिनमधला ‘इंगेनियम’ म्हणजे जन्मजात बुद्धी हा शब्द आहे, आणि त्याच्या पोटात जन्म देणे या अर्थाचा धातू आहे. कोशातल्या दुव्यावरून त्या धातूच्या नोंदीवर गेले की तेथे लॅटिन आणि ग्रीक शब्दांच्या जोडीला संस्कृतातले ‘जन’, ‘जन्मन्’, ‘जात’ हे शब्द भेटतात. जळगावच्या जिनमध्ये सरकी काढणारे यंत्र आणि आपला ‘जन्म’, आपली ‘प्रजा’, आपला ‘जनक’ हे सारे एकाच मुळाचे आहेत, हे वाचताना मला जो आनंद झाला तो कोणत्याही छापील कोशाने यापूर्वी दिला नव्हता.

येथे वाचकांना एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. त्या मूळ धातूच्या आधी कोशात तारांकित खूण असते. हे रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नसून भाषांच्या तुलनेवरून अभ्यासकांनी ते उभे केले आहे, असा त्या खुणेचा अर्थ. ती खूण न पाहता ‘इंग्रजी एंजिन संस्कृतातून आले’ असे सांगत सुटणे हा संस्कृतावरही अन्याय आहे. संस्कृत ‘जन्’ आणि लॅटिन धातू ही भावंडे आहेत; त्यांतला एक दुसऱ्याच्या पोटी जन्मलेला नाही. कोश हा फरक पाळतो. तो उतरवून घेणारे पुष्कळदा पाळत नाहीत, ही माझी तक्रार वाचकांविषयी आहे, कोशाविषयी नाही.

सनावळीबाबतही अशीच सावधगिरी हवी. नोंदीतले वर्ष हे शब्द लेखनात सापडल्याचे असते, वस्तू जन्मल्याचे नसते. कापसाचा ‘जिन’ अठराव्या शतकातला म्हणून सरकी काढण्याची युक्तीही तेव्हाचीच, असे नोंद वाचून कोणाला वाटेल. पण जळगावहून जिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते त्या अजिंठ्याच्या लेण्यांतील, साधारण पाचव्या शतकातल्या एका चित्रात एका रुळाने सरकी काढणारी बाई दाखवलेली आहे, असे अभ्यासकांनी ओळखले आहे. पुढे भारतात दोन रुळांची हातचरखी घरोघर चालली. व्हिटनीचे यंत्र तारेच्या दातांचे होते, तर आपल्याकडच्या आजच्या जिनमध्ये बहुतांशी डबल रोलरच चालतो, म्हणजे तत्त्व जुने रुळाचेच आहे आणि नाव अमेरिकेहून आलेले. इतके काही एका इंग्रजी व्युत्पत्तिकोशाने सांगावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही, पण वाचताना ते मनात असले पाहिजे.

कोशाची खरी मर्यादा त्याच्या हद्दीत आहे. शब्द इंग्रजीत कसा आला एवढेच तो सांगतो. इंग्रजीतून निघून तो मराठीत कोणत्या वाटेने शिरला, ही वाट त्याच्या नकाशावर नाही. ‘जिन’ची ही वाट खान्देशातून जाते. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात तेथील कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली, आणि खान्देश-वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व तेजी आली. त्याच सुमारास रेल्वेही येथे पोहोचली होती, आणि पुढे यंत्राच्या जिन व प्रेस आल्या. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८३१ आणि १८५७ च्या दोन्ही आवृत्त्या या तेजीच्या आधीच्या. त्यात ‘जीन’ म्हणजे घोड्याचे खोगीर, आणि तो फारसीतून आलेला वेगळा शब्द आहे. भरीस भर म्हणून जाड कापडाचा ‘जीन’ आहेच. तो इटलीतल्या जिनोआ शहराच्या नावावरून आला. कापूस एकच, पण तो ज्या यंत्रातून निघतो त्याचे नाव लॅटिन बुद्धीपासून आणि तो ज्या कापडात शिरतो त्याचे नाव एका बंदरापासून. कापडाची नोंद हा कोश उत्तम देतो, खोगिराची देणार नाही. म्हणून शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर मोफत ठेवलेला मोल्सवर्थ शेजारी उघडा असावा.

नोंदींची इंग्रजी दाट आहे. एका वाक्यात चार-चार भाषा येतात आणि नवख्या विद्यार्थ्याला पहिल्या ओळीतच दम लागतो. शिक्षकांनी मुलांना नोंद शेवटाकडून वाचायला शिकवावे : आधी मूळ धातू, मग लॅटिन, मग फ्रेंच, मग इंग्रजी, प्रत्येक टप्प्यावर अर्थ कसा सरकला ते मराठीत एका ओळीत लिहावे. ‘जिन’साठी ही वही जन्म, उपजत बुद्धी, युक्ती, यंत्र, सरकीचे यंत्र अशा पाच ओळींत भरते. सहावी ओळ, म्हणजे यंत्राचे नाव सबंध कारखान्याला आणि कारखाना बंद पडल्यावर त्याच्या मोकळ्या आवारालाही लागू होणे, ही खान्देशातल्या विद्यार्थ्याने स्वतः लिहायची आहे. त्यासाठी जुन्या जिनच्या हिशेबवह्या आणि तेथे काम केलेली म्हातारी माणसे गावोगावी अजून आहेत.